सुतावरून स्लॅब

ही कृती चार माणसांना पुरते. एक पाइप धरायला, एक वाकवायला, एक ‘अजून थोडा, अजून थोडा’ म्हणायला आणि चौथा चहा आणायला गेलेला. चौथा परत येईपर्यंत पाइप हमखास जास्त वाकलेला असतो, म्हणून चहा आधी पिऊन घ्यावा.

हे मार्गदर्शन कोणासाठी, तेही सांगून टाकतो. ज्यांचा आयटीआयचा वायरमन ट्रेड नुकताच संपला आहे, ज्यांना कॉन्ट्रॅक्टरनं भोसरीतल्या एखाद्या नव्या शेडवर आणून सोडलं आहे, आणि ज्यांच्या हातात बेंडर देऊन, वर छताकडे बोट दाखवून, ‘तिथून इथपर्यंत आण’ एवढंच बोलून तो मोटारसायकलला किक मारून दुसऱ्या साइटवर निघून गेला आहे, अशांसाठी. बाकी ज्यांचा विजेशी संबंध बटण दाबण्यापुरता आहे त्यांनीही वाचायला हरकत नाही. आपल्या भिंतीच्या पोटात काय काय होऊन बसलेलं असतं, याची निदान कल्पना येईल.

साहित्य

25 मिलिमीटरचे जीआय पाइप, लागतील तेवढे आणि वर दोन. (माझ्या पहिल्या साइटवर वर अकरा लागले. ते पुढे येईलच.) कागदावर याला कंड्युट म्हणतात, साइटवर तो नुसता पाइप. प्लंबरचाही पाइपच असतो, आणि तो नेहमी आपल्या आधी येऊन बसलेला असतो. लांब दांड्याचा बेंडर एक. मेजर टेप, बारीक टोकाचा मार्कर, लाइनदोरी, ओळंबा, गुण्या, हॅक्सॉ, आणि कापलेली कड घासायला कानस. कानस विसरू नये. आतली कड धारदार राहिली तर ती वायरचं इन्सुलेशन काकडी सोलावी तसं सोलते, आणि त्याचा पत्ता काम संपून बिल दिल्यावर लागतो.

शेवटचं साहित्य म्हणजे सूत. इंचाचे आठ भाग केले की एक भाग म्हणजे सूत. मिलिमीटरात तीन आणि वर थोडं. 1956 च्या कायद्यानं देशात मेट्रिक मापं आली, पाइपावर 25 असा आकडा छापून यायला लागला, पण मिस्त्रीच्या तोंडी तो अजूनही ‘एक इंची’ आहे. ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये, बोलणं इंचात आणि चूक सुतात, अशी आपल्याकडे कामाची वाटणी आहे. नवशिक्यांना हे मागासलेपण वाटतं. मलाही वाटायचं. पुढे ऑफसेटच्या भागात या सुताचा असा काही उपयोग निघतो की टेपची मिलिमीटरची बाजू खाली धरावीशी वाटते.

माप कुठून घ्यावं

टेपच्या टोकाचा आकडा हलतो. तो बिघडलेला नसतो. त्या आकड्याच्या पत्र्याची जाडी जेवढी, तेवढाच तो मागेपुढे सरकतो. बाहेरून अडकवून ओढलं किंवा आत टेकवून दाबलं, दोन्ही वेळा शून्य बरोबर जागी यावं म्हणून. दर बॅचमध्ये एक तरी हुशार पोरगा असतो जो पहिल्याच दिवशी हातोडीनं ठोकून तो आकडा घट्ट करतो. त्यानंतर त्या टेपनं मोजलेलं सगळं काम एकाच मापानं चुकतं.

आकडा झिजलेला असेल तर मिस्त्री लोक ‘दहा सोडून’ मोजतात, म्हणजे टेपचा दहाचा आकडा काठावर धरतात आणि आलेल्या मापातून दहा वजा करतात. एक जण मोजतो, दुसरा पाइपावर खूण करतो, आणि दहा वजा करायचे ते मोजणाऱ्यानं की खूण करणाऱ्यानं, हे दोघांनीही एकमेकांवर सोडलेलं असतं. पाइप दहा सेंटिमीटर लांब आला तर कोणीच वजा केले नाहीत असं समजावं. दहा सेंटिमीटर आखूड आला तर दोघांनीही केले.

आता खरा प्रश्न. माप कोणत्या भिंतीपासून? समोर जी वीट दिसते आहे तिच्यावर अजून प्लास्टर चढायचं आहे. पायाखाली जो स्लॅब आहे त्यावर भर पडेल, मग फरशी पडेल, आणि आज ज्या जमिनीवर तुम्ही उभे आहात ती दोन-तीन इंच वर सरकेल. स्विचबोर्डची उंची ड्रॉइंगमध्ये तयार फरशीपासून दिलेली असते, आणि तयार फरशी अजून कोणाच्या तरी ट्रकमध्ये असते. म्हणून साइटवर गवंड्यांनी लेव्हलच्या नळीनं प्रत्येक कॉलमवर एक रेघ मारून ठेवलेली असते, तयार फरशीच्या बरोबर एक मीटर वर. त्या रेघेपासून मोजावं. रेघ सापडली नाही तर गवंड्याला विचारावं. तो आधी तुमच्याकडे कीव करून बघेल, मग दाखवेल. कीव फुकट असते, घ्यावी.

काटकोन

हा सोपा. खाली जमिनीवरून येणारा पाइप अमुक उंच उभा राहिला पाहिजे, एवढंच गणित. पण बेंडरचा बूट, म्हणजे पाइप ज्यात बसतो तो गोल भाग, पाइपाला एका टोकदार बिंदूत मोडत नाही, गोलाई देत वळवतो, आणि त्या गोलाईत पाइपाची काही लांबी खर्च होते. तेवढी उंचीतून आधीच वजा करून खूण करावी लागते. ही वजावट बेंडर बनवणारा त्याच्या बुटावर कोरून देतो. आपल्या बेंडरवरचे कोरीव आकडे मात्र आधीच्या तीन कॉन्ट्रॅक्टरांच्या काळात घासून गेलेले असतात.

काही बिघडत नाही. एक टाकाऊ तुकडा घ्यावा, टोकापासून 300 मिलिमीटरवर खूण करावी, बेंडरचा बाण त्या खुणेवर ठेवून गुण्यात बसेल असा काटकोन वाकवावा. आता वाकलेल्या भागाच्या पाठीपासून टोकापर्यंत उंची मोजावी. समजा 452 आली. म्हणजे या बेंडरची या पाइपाला वजावट 152, सहा इंच. हा आकडा मार्करनं बेंडरच्या दांड्यावर लिहून टाकावा. पाइप बदलला किंवा बेंडर बदलला की पुन्हा तुकडा, पुन्हा 300. पुढे आयुष्यभर उंचीतून वजावट काढून खूण करायची. 900 उंच हवा, 748 वर खूण.

पाइप कापायच्या आधी आणखी एक बारीक हिशेब आहे. कोपरा कापून गेलेला रस्ता नेहमी जवळचा असतो, हे शाळा चुकवणाऱ्या कोणालाही माहीत असतं. दोन्ही बाजू कोपऱ्यापर्यंत मोजून बेरीज केली तर पाइप जास्त लांब येतो. गोलाईच्या त्रिज्येच्या 0.43 पट लांबी काटकोनात वाचते. त्रिज्या 120 असेल तर 52 मिलिमीटर. 600 आणि 900 ची बेरीज 1500 न घेता 1448 वर कापावं. हे न करणाऱ्यांच्या कामाजवळ दोन-दोन इंचांचे पाइपाचे तुकडे सडा पडल्यासारखे पडलेले दिसतात.

ऑफसेट

इथं थांबून बसावं. सगळं शहाणपण आणि सगळा मूर्खपणा इथंच घडतो.

पाइप सरळ चालला आहे, समोर अग्निशमनाची लाल लाइन आली, किंवा कॉलम चार इंच पुढे आला. पाइपाला एक पायरी चढून पुन्हा सरळ चालायचं आहे. म्हणजे दोन वळणं, सारख्याच कोनाची, उलट दिशांना. दोन वळणांमधलं अंतर किती ठेवायचं? चढ किती आहे त्याला कोनाच्या गुणकानं गुणायचं. 30 अंशांना गुणक 2. 45 ला 1.4. 60 ला 1.2. साडेबावीस अंशांना 2.6. दहा अंशांना 6. चढ चार इंच, कोन 30, तर दोन खुणांमध्ये आठ इंच. झालं.

हे आकडे कुठून आले असं विचारणारा हेल्पर क्वचित मिळतो, पण मिळाला तर जपावा. काटकोन त्रिकोणात कर्ण भागिले उंची, दहावीत ज्याला आपण कोसेक म्हणून पाठ केलं आणि परीक्षेनंतर हरवून टाकलं, ते हे. मोबाइलची बॅटरी संपली असेल तर सातव्या शतकातल्या पहिल्या भास्करानं एक युक्ती देऊन ठेवली आहे. (लीलावतीवाले भास्कराचार्य वेगळे, हा त्यांच्या पाचशे वर्षं आधीचा.) कोनाला 180 मधून तोच कोन वजा करून जे येईल त्यानं गुणा. त्याची चौपट वर लिहा. 40500 मधून तोच गुणाकार वजा करून खाली लिहा. भागा. 30 अंशांना 4500 येतात, त्यांची चौपट 18000, खाली 36000, उत्तर बरोबर अर्धं. उलटं केलं की 2. पंचेचाळीस अंशांना 1.417 येतो, खरा आकडा 1.414. या फरकाला मार्करची रेघ जाड पडते.

आमचे मिस्त्री यातलं काहीच करत नसत. त्यांना लहानपणी पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी असे अपूर्णांकांचे पाढे पाठ करायला लावले होते. 60 अंश म्हटलं की ते सवायकी म्हणायचे आणि थोडं खाली यायचे. 45 ला दिडकी म्हणून किंचित खाली. साडेबावीसला अडीचकी म्हणून ‘आणि वर चव’. मी कॅल्क्युलेटर खिशातून काढीपर्यंत त्यांची दुसरी खूण झालेली असायची. त्यांच्या दोन चुका मी पाहिल्या. माझ्या मोजायला त्यांना वहीच लागली असती.

आता सुताचं वचन. पाइप तिरका चढतो तेव्हा पुढे जाण्यात मागे पडतो; आठ इंच पाइप खर्च होतो आणि तो सातपेक्षाही थोडा कमीच पुढे सरकतो. हे आखडणं दर इंच चढाला किती? साडेबावीस अंशांना दीड सूत. तीस अंशांना दोन सूत. पंचेचाळीसला तीन सूत. साठला चार सूत. अमेरिकेतले इलेक्ट्रिशियन हेच आकडे तीन भागिले सोळा, एक भागिले चार, तीन भागिले आठ असे पाठ करतात. आपल्याकडे दीड, दोन, तीन, चार. कोणी तरी भोसरीच्या नाक्यावर बसून आपल्यासाठीच केल्यासारखे. (साठाचा आकडा जरा ढिला आहे. चार इंच चढाला अडीच सूत कमी भरतात. पण साठ अंशांचा ऑफसेट करणाऱ्याला वायर ओढताना जी शिक्षा मिळते त्यापुढे हे काहीच नाही.)

तर चढ चार इंच, कोन 30: चार दुणे आठ सूत, म्हणजे बरोबर एक इंच. पाइपाच्या टोकापासून अडथळा 48 इंचांवर असेल तर पहिली खूण 49 वर करायची, मिळवून. दुसरी तिथून आठ इंच मागे, 41 वर. पाइप लावला की वरचं वळण अडथळ्याशी येऊन थांबतं.

मिळवून. हा शब्द मी इथं दोनदा लिहितो कारण माझ्या पहिल्या साइटवर मी तो वजा केला. आखडतो म्हणजे कमी होतो, कमी होतो म्हणजे वजा. इतकं सरळ डोकं चाललं होतं. एक इंच मिळवायचा तो वजा केला, म्हणजे चूक दोन इंचांची. एकेक पाइप करून लावून बघितला असता तर पहिल्यावरच कळलं असतं. पण मला कामाचा उरक दाखवायचा होता. मी दुपारपर्यंत खाली बसून अकरा पाइप कापले, आटे पाडले, वाकवले, शेजारी शेजारी मांडून ठेवले. दिसायला इतके सुंदर झाले होते की बाजूच्या प्लंबरनं येऊन फोटो काढला. मग वर चढवले. सगळे अकरा दोन इंच आधीच पायरी चढायला लागले, आणि नेमका तिथं दुसऱ्या कंत्राटदाराचा केबल ट्रेचा ब्रॅकेट आदल्या दिवशी बसलेला होता.

मिस्त्री शिडीखाली उभे होते. वर बघून म्हणाले, “सगळे सारखेच चुकलेत. हात चांगला आहे तुझा.”

पाइप ओळीनं शेजारी असतील तर त्या सगळ्यांवर एकाच जागी खुणा करू नयेत. तसं केलं तर वळणांशी पाइप एकमेकांजवळ येतात, रांगेत उभी माणसं कोपऱ्यावर एकमेकांना चिकटतात तशी. पुढच्या प्रत्येक पाइपाची खूण थोडी सरकवावी लागते, आणि किती, तर पुन्हा तेच सूत. तीस अंशांना दोन पाइपांमधल्या दर इंच अंतराला दोन सूत. दोन इंचांवर पाइप असतील तर प्रत्येकाची खूण मागच्यापेक्षा चार सूत पुढे. त्या दिवशी मी हे बरोबर केलं होतं. कोणी पाहिलं नाही.

कोनाबद्दल दोन शब्द. बेंडरवर 30 ची रेघ आली की थांबू नये. हात सोडला की पाइप किंचित मागे येतो. किती येतो ते टाकाऊ तुकड्यावर बघून तेवढं पुढे जावं. पण जपून. कमी वाकलेला पाइप अजून वाकवता येतो. जास्त वाकलेला जीआय सरळ करायला गेलं की तिथं चपटा होतो, झिंकचा थर तडकतो, आणि पावसाळ्यात तिथून गंज फुटतो. एका अंशाची चूक सुरुवातीला डोळ्याला दिसतही नाही. तीन मीटरचा पाइप पुढे गेला की तीच 52 मिलिमीटर होते, म्हणजे सोळा सुतांच्याही वर. सुतावरून स्वर्ग म्हणतात, इथं स्लॅबच गाठला जातो.

दुसरं वळण पहिल्याच्या सरळ रेषेत हवं. नाही झालं तर पाइप पिळतो, आणि जमिनीवर ठेवल्यावर एका पायावर उभ्या असलेल्या बगळ्यासारखा डुलतो. उपाय म्हणजे वाकवायच्या आधी पाइपाच्या लांबीवर लाइनदोरीनं एक रेघ मारून ठेवायची आणि दोन्ही वळणांना ती रेघ बुटाच्या मधोमध ठेवायची. एवढी साधी गोष्ट. कोणी करत नाही. डुलणारे पाइप सॅडल ठोकून जबरदस्तीनं सरळ बसवले जातात, आणि दोन वर्षांनी सॅडलचे स्क्रू का निघतात याचं सगळ्यांना आश्चर्य वाटतं.

उडी

पायरी चढून वर राहायचं नसेल, आडवी आलेली लाइन ओलांडून पुन्हा खाली यायचं असेल, तर आम्ही तिला उडी म्हणतो. मध्ये 45 चं एक वळण, दोन्ही बाजूंना साडेबावीसची दोन. मधल्या खुणेपासून बाजूच्या खुणा किती लांब? उंचीची अडीचकी. तीन इंचांची उडी असेल तर साडेसात इंच इकडे, साडेसात तिकडे. मधली खूण अडथळ्याच्या मध्यावर न करता दर इंचाला दीड सूत, म्हणजे तीन इंचांना साडेचार सूत, पुढे मिळवून करायची. मिळवून.

ज्यांच्या नशिबी पीव्हीसी आहे त्यांच्यासाठी

घरांच्या साइटवर जीआय कमी, पांढरा पीव्हीसीच जास्त. तो वाकवायला आत स्प्रिंग घालतात, पाइपाच्याच मापाची. स्प्रिंगच्या टोकाला वायर बांधून बाहेर ठेवायची. न बांधता घातलेली स्प्रिंग मध्येच अडकली की तो पाइप आणि ती स्प्रिंग जन्माचे जोडीदार होतात, आणि कॉन्ट्रॅक्टर दोन्ही तुमच्या पगारातून कापतो. काढताना स्प्रिंग पिळावी. वेटोळे आवळले की ती बारीक होते आणि सुटते. वाकवताना गुडघ्यावर ठेवून सावकाश, हव्यापेक्षा थोडं जास्त, कारण पीव्हीसी जीआयपेक्षा कितीतरी जास्त मागे येतो. थंडीच्या दिवसांत सकाळी सातला झटका दिला तर तो वाकत नाही, टचकन तुटतो. हातानं घासून, उन्हात ठेवून थोडा गरम होऊ द्यावा. स्प्रिंग शोधायचा कंटाळा येतो म्हणून वर्तमानपत्र पेटवून पाइप त्यावर धरण्याची जी पद्धत आहे, तिच्यातून तपकिरी डागाचा, एका बाजूनं पातळ, दुसऱ्या बाजूनं चपटा असा एक अवयव तयार होतो. त्यातून वायर जात नाही. काही तरी करपल्याचा वास मात्र दिवसभर साइटवर राहतो.

स्लॅबमध्ये हिशेब आणखी निराळा. स्लॅब भरायच्या आदल्या दिवशी खालच्या सळईवर पाइप टाकायचे, बाइंडिंग वायरनं बांधायचे, फॅन बॉक्समध्ये न्यायचे, आणि भिंतीच्या जागी सेंट्रिंगमधून खाली सोडायचे. या खाली सोडलेल्या पाइपाला ड्रॉप म्हणतात. खाली भिंत असतेच असं नाही. ती अजून बांधायची असते. ड्रॉप ड्रॉइंगमध्ये बघून सोडावा. मग ड्रॉइंग बदलतं. मग सकाळी काँक्रीट ओततात, व्हायब्रेटर फिरतो, चार मजूर पाइपावरून गमबुटानं चालतात, एखादा कपलर निसटतो, सिमेंटचं पाणी आत जातं. तीन महिन्यांनी तिथं वायर ओढायला जावं तर पाइप चोक, आणि ड्रॉप भिंतीच्या चार इंच बाहेर, हवेत, नळीसारखा लोंबतो आहे. मग झिरी मारणारा मशिन घेऊन येतो आणि गवंडी तुमच्या तीर्थरूपांची चौकशी करतो.

किती वळणं चालतील

केंद्र सरकारच्या बांधकाम खात्याच्या, म्हणजे सीपीडब्ल्यूडीच्या, स्पेसिफिकेशननुसार एका बॉक्सपासून दुसऱ्या बॉक्सपर्यंत एकूण चार काटकोनांपेक्षा जास्त वळण नको, आणि वळणाची त्रिज्या साडेसात सेंटिमीटरपेक्षा कमी नको. अमेरिकन नियमही तेच सांगतो, 360 अंश. नवशिके फक्त काटकोन मोजतात. ऑफसेट म्हणजे तीस अधिक तीस, साठ अंश. उडी म्हणजे साडेबावीस, पंचेचाळीस, साडेबावीस: पूर्ण नव्वद, लपलेला काटकोन. समजा दोन काटकोन, एक उडी आणि तीस अंशांचे दोन ऑफसेट केले. 180, 90, 120: तीनशे नव्वद झाले, नियम मोडला. तेच ऑफसेट साडेबावीसचे केले तर नव्वदच होतात आणि बेरीज बरोबर 360 वर येते. यासाठी तो 2.6 चा कटकटीचा गुणक पाठ करायचा.

चारच का, पाच का नाही? कोकणातल्या जेटीवर लाँच लागते तेव्हा खलाशी खुंट्याला दोराचे तीन-चार वेढे देतो आणि एका हातानं सगळी लाँच धरून ठेवतो. वायरही वळणावर पाइपाच्या आतल्या बाजूला अशीच आवळून बसते. ओढ दर वळणाला नुसती वाढत नाही, गुणली जाते. घर्षणांक 0.5 धरला तर एका काटकोनाला ओढ 2.2 पट, दोनला 4.8, तीनला साडेदहा, चारला 23 पट. सुरुवातीला दोन किलो जोर लागत असेल तर चौथ्या काटकोनापलीकडे 46 किलो. पाचवा केला तर शंभर किलो; मग वायर तुटते किंवा शिडीवरचा माणूस खाली येतो. गंमत म्हणजे गोलाई मोठी केली म्हणून ही पट कमी होत नाही, ती कोनावर ठरते. मोठ्या गोलाईनं फक्त वायरच्या सालीवरचा दाब हलका होतो, पण तेही कमी नाही.

यातून वायर कोणत्या टोकातून भरायची तेही निघतं. वळणं ज्या टोकाजवळ जास्त, तिथून भरावी आणि सरळ बाजूकडून ओढावी, म्हणजे ओढ लहान असतानाच गुणाकार उरकतात. आत शंखजिऱ्याची पूड सोडावी. आणि ओढणाऱ्यानं ‘सोड’ म्हटलं की भरणाऱ्यानं ‘ओढ’ ऐकू नये, यासाठी दोघांमध्ये आधी काही खुणा ठरवून घ्याव्यात. शेडमध्ये ग्राइंडर चालू असतो.

उरलेल्या पाइपांचं काय करावं

माझे ते अकरा. कापून लहान केले असते तर आट्यांकडचे सरळ तुकडे कुठंतरी वापरता आले असते, पण दुसऱ्या दिवशी बघतो तर गायब. भंगारवाल्यानं नेले असं मी धरून चाललो आणि गप्प राहिलो. जूनमध्ये पाऊस लागला तेव्हा गेटवरच्या वॉचमनकाकांनी आपली निळी ताडपत्रीची खोपी नव्यानं बांधली होती. आत कॉट, स्टोव्ह, देवाचं कॅलेंडर. वर छताला ओळीनं अकरा पाइप, सगळे सारख्या अंतरावर, सगळे तीस अंशांत वाकलेले, आणि पाणी एका थेंबाचाही खळगा न करता मागच्या बाजूला वाहून जात होतं.

मिस्त्रींनी चहाचा कप हातात घेऊन छताकडे नीट बघितलं. मग मला म्हणाले, “काकांना विचार, दोन इंच कमी-जास्त झालंय का कुठं.”